पोथी, पुस्तक आणि पडदा

पाया लेबार एमआरटी स्थानकातून बाहेर पडलात की सिंगापूर पोस्ट सेंटरची भलीमोठी इमारत दिसते. दुकाने, खाण्याची ठिकाणे, सिनेमागृह यांच्या गजबजाटात विसरायला होते, पण बेटावरच्या टपालाची वर्गवारी करणारी ही इमारत आहे. ‘पाया लेबार’ म्हणजे मलय भाषेत रुंद दलदल. याच भागात १९५५ साली सिंगापूरचा विमानतळ सुरू झाला आणि १९८१ मध्ये चांगी उघडेपर्यंत तो चालला. तेव्हा भारतातून विमानाने येणारे पत्र वा पुस्तक पाया लेबारलाच उतरत असे. आजही तुम्ही पोस्टाने दिवाळी अंक मागवलात, तर त्याच्या प्रवासात पाया लेबारचे नाव येण्याची शक्यता बरीच.

दिवाळी जवळ आली की आपल्या घराघरांत एक चर्चा होते. अंक पोस्टाने मागवायचे, कोणी येणार असेल तर त्याच्या बॅगेत घालायला सांगायचे, की सरळ ई-अंक घेऊन मोकळे व्हायचे? मुलांना किंडल द्यायचे की पुस्तकांचे कपाट वाढवायचे? ही चर्चा बहुधा आवडीनिवडीवर येऊन थांबते. एकाला कागदाचा वास हवा असतो, दुसऱ्याला सोय. पण वाचकहो, मराठी वाचकाने वाचनाचे साधन बदलण्याची ही पहिली वेळ नाही. याआधीही ते बदलले, आणि दर वेळी वाद झाला. त्या वादांत काय बोलले गेले आणि प्रत्यक्षात काय घडले, हे पाहिले तर आपला निर्णय थोडा सोपा होईल.

पोथी : एक वाचणारा, अनेक ऐकणारे

छापखान्याआधीचा ग्रंथ म्हणजे हातांनी लिहिलेली पोथी. आडवी लांबट सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या आणि सगळ्याला गुंडाळलेले कापड. रोजचा व्यवहार मोडीत, धर्मग्रंथ बाळबोधीत. एक पोथी उतरवून काढायला महिनोन् महिने लागत, म्हणून ती दुर्मीळ आणि महाग. लेखनिक शेवटी वाचणाऱ्याला विनवीत असे, की तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथाला जप. साहजिकच पोथी प्रत्येकाच्या हाती नसे. एक जण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत.

पोथीबद्दल आज आपल्याला ओढ वाटते, पण तिच्यात मोठी अडचण होती. प्रत्येक नकलेत चुका शिरत, शब्द बदलत, ओव्या वाढत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत इतके पाठभेद झाले होते, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, संत एकनाथांना अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत तयार करावी लागली. हस्तलिखिताच्या काळात ‘मूळ’ मजकूर टिकवणे हेच एक मोठे काम होते, हे लक्षात ठेवा. पडद्यावरच्या पुस्तकांकडे येऊ तेव्हा याची आठवण होईल.

छापा आला, पण अक्षरे नव्हती

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे नव्हते. इथल्या लिपीत छापता यावे अशी इच्छा स्टीफन्सने पत्रातून कळवली होती, पण ते साधले नाही. मराठीवर जीव असलेल्या माणसाचे मराठी पुस्तक परक्या अक्षरांत निघाले. ‘कसे आहात’ हे आपण आज इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवतो, तेव्हा आपणही चारशे वर्षांपूर्वीच्या त्याच अडचणीत असतो. फरक एवढाच, की आता खिळे आपल्या खिशात आहेत आणि आपण ते वापरत नाही.

पुढची दोनशे वर्षे मराठी छपाईत फारसे काही घडले नाही. मग एकाच सुमारास तीन ठिकाणी हालचाल झाली. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले. त्याला वैजनाथ पंडितांची मदत होती. नाना फडणवीसांच्या प्रोत्साहनाने पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याचा प्रयत्न झाला होता. नानांच्या मृत्यूनंतर तो कारागीर मिरजेला गेला आणि तिथे पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली. तिसरे ठिकाण आपल्याला विशेष जवळचे वाटावे असे आहे, ते म्हणजे तंजावर. तमिळ मुलखात राहणाऱ्या मराठी राजाने, सरफोजी दुसरे यांनी, १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने आपल्या छापखान्यात छापवले. महाराष्ट्राबाहेर, दुसऱ्या भाषेच्या गराड्यात राहणाऱ्या मराठी माणसाने नवे यंत्र हाती आल्यावर सुरुवातीलाच मुलांच्या गोष्टी छापल्या! सिंगापूरच्या मराठी माणसाने हे उदाहरण मनात जपून ठेवावे.

चरबीची शाई

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यामुळे छपाई रुळली, पण जुन्या वळणाच्या लोकांना छापील कागद विटाळाचा वाटे. शाईत चरबी असते, मग असल्या कागदावरचे स्तोत्र सोवळ्यात कसे वाचायचे, असा प्रश्न होता. आज आपल्याला हसू येईल, पण त्या माणसांच्या दृष्टीने तो खराच अडथळा होता. मिशनचे छापखाने पाहून हे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी तो वाद घालून नव्हे, तर काम करून सोडवला. त्यांनी चरबीऐवजी तुपाची शाई वापरली. १८३१ साली त्यांनी पंचांग छापले. पंचांग ही घरोघर लागणारी वस्तू. हाताने उतरवलेल्या पंचांगापेक्षा छापील पंचांग स्वस्त आणि सहज मिळणारे, त्यामुळे लोकांची सवय बदलली. पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींनी ‘निर्णयसागर’ सुरू केला, आणि त्याच्या सुबक टायपामुळे छापील संस्कृत ग्रंथ शास्त्री-पंडितांच्या बैठकीतही मान्य झाले.

एक गंमत पाहा. छापा आला म्हणून पोथी संपली नाही. छापखान्यांनीच आडव्या, सुट्या पानांच्या पोथ्या छापल्या. वाचणाऱ्याचा हात ज्या आकाराला सरावला होता, तो आकार नव्या तंत्राने उचलला. सिंगापुरातही तसेच घडले. मुन्शी अब्दुल्ला यांचे आत्मचरित्र ‘हिकायत अब्दुल्ला’ १८४९ साली इथल्या मिशन प्रेसमध्ये शिळाछापावर निघाले. हाताने लिहिलेल्या जावी अक्षरांचे वळण शिळाछापात जसेच्या तसे उमटते, त्यामुळे मलय वाचकाला ते पुस्तक ओळखीचे वाटले. नंतर काम्पोंग ग्लॅमच्या छापखान्यांनी हेच तंत्र वापरून मलय पुस्तके काढली. आज किंडलवर ‘पान’ उलटते, त्यालाही हेच कारण आहे. यंत्राला पाने नसतात, ती वाचणाऱ्याच्या सवयीत असतात.

पेटीतून आलेले वाचन

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाची जागा कायमची ठरली. पण अंक निघणे आणि तो वाचकापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंतराचा प्रश्न आपल्या लोकांनी पुन्हा पुन्हा एकाच युक्तीने सोडवला, ती म्हणजे पेटी.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. त्यात लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी ग्रंथालये होती. १९७४ मध्ये ‘ग्रंथाली’ने वाचक चळवळ सुरू करून पुस्तक वाचकाच्या गावी नेले. २००९ साली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांनी भरलेली पेटी एका गटाकडे ठेवायची, वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल करायची. या पेट्या दुबई, टोकियोपर्यंत गेल्या. २०१७ मध्ये पाचगणीजवळचे भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तिथे वाचकच पुस्तकांकडे जातो.

ई-वाचक म्हणजे याच पेटीचे नवे रूप म्हणता येईल. शेकडो पुस्तके मावणारी, दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची पेटी. मग अडले कुठे?

आचारी आणि आचार्य

अडले पुन्हा अक्षरांपाशीच. जगातले पहिले ई-पुस्तक १९७१ मध्ये ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’च्या मायकेल हार्टने टाइप केले, ते इंग्रजीत. भारतीय लिप्यांसाठी पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी खूप काम केले, आणि १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. तरीही छपाईच्या जगात ‘श्रीलिपी’, ‘शिवाजी’ अशा फॉन्टचेच राज्य होते. प्रत्येकाची आतली मांडणी निराळी. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही, तिथे मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसे. परदेशातल्या मंडळांचे जुने अंक करणाऱ्या कोणालाही विचारा, हा त्रास त्यांना ठाऊक असतो. विंडोज २००० बरोबर प्रा. र. कृ. जोशी यांनी रचलेला ‘मंगल’ फॉन्ट आला आणि हळूहळू युनिकोड मराठी घरोघर पोचली.

बारकावे मात्र राहिलेच. मराठीत ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याला नमस्कार करायचा, दुसऱ्याला मीठ किती घालायचे ते सांगायचे. हा आडवा अर्धा ‘ऱ’ संगणकाला नीट समजावून द्यावा लागला. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवून दिली, तरी अनेक उपकरणांत अजून हिंदी वळणेच दिसतात. मोठ्यांचे यात काही बिघडत नाही. पण इथे घरी बसून देवनागरी शिकणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला पुस्तकात एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसराच ‘ल’ दिसला, तर तो गोंधळतो.

किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये बाजारात आले. मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तके त्यावर अधिकृतपणे मिळू लागली ती डिसेंबर २०१६ मध्ये. इंग्रजी वाचकाने उपकरण विकत घेतले आणि मराठी वाचकाने तेच घेतले, तरी नऊ वर्षे त्या दोघांच्या हाती सारखीच वस्तू नव्हती.

या कहाणीतून एक गोष्ट स्पष्ट होते. १९०९ चा दिवाळी अंक कुठल्या ग्रंथालयात सापडला, तर तो आज डोळ्यांनी सरळ वाचता येतो. १९९५ साली फ्लॉपीवर ठेवलेला मराठी मजकूर वाचायला आधी फ्लॉपी वाचणारे यंत्र हवे, मग तो फॉन्ट हवा, मग रूपांतर करणारा जाणकार हवा. कागदाला वाळवी लागते आणि संगणकातल्या मजकुराला विस्मरण लागते.

पुस्तक कोणाचे?

दुसरा मुद्दा मालकीचा. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे काही पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. त्यांत जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ होती, ही त्यातली बोचरी गंमत. पैसे परत मिळाले, पण पुस्तक गेले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही पैसे परत आले आणि विकत घेतलेली पुस्तके नाहीशी झाली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोय बंद झाली. दुकानातून ई-पुस्तक घेताना आपण बहुतेक वेळा वाचण्याची परवानगी घेत असतो. ते पुस्तक मैत्रिणीला कायमचे देता येत नाही, नातीच्या नावाने ठेवता येत नाही.

पण चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला, गणपत कृष्णाजींचे पंचांग निघाले त्याच वर्षी. १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती हा जाडजूड ग्रंथ आहे. तो कोण सामानातून आणणार? आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यातला शब्द क्षणात सापडतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश महाजालावर मोफत वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, आणि ‘ई-साहित्य प्रतिष्ठान’सारखे लोक नव्या लेखकांची पुस्तके विनामूल्य वाटतात. यांतली फाइल आपल्याकडे उतरवून ठेवता येते, ती कोणी परत घेत नाही. कागदावर हा सगळा ठेवा पाया लेबारच्या चार खोल्यांच्या घरात कसा मावणार होता?

मग आपण काय करावे?

सिंगापूरची परिस्थिती विचारात घ्या. इथल्या हवेत सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बंद कपाटातल्या पुस्तकांना बुरशी आणि कसर लागायला वेळ लागत नाही. घरे लहान, विमानातल्या सामानाला मर्यादा. शाळेत दुसरी भाषा म्हणून तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा घेता येतात, पण मराठी त्यांत नाही. म्हणजे आपल्या मुलांच्या मराठी वाचनाची जबाबदारी शाळा घेत नाही. ती घरावर आणि मंडळावर आहे. खरा प्रश्न कागद की पडदा एवढाच नाही. पुढच्या पिढीला देवनागरी सहज वाचता येईल की नाही, हा तो प्रश्न आहे.

२०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासांत मिळून १,७१,०५५ वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक चांगला समजतो, वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, मात्र गोष्टी-कथांच्या वाचनात तसा फरक आढळत नाही, असे त्यात दिसले. म्हणजे कादंबरी किंडलवर वाचल्याने तुमचे काही बुडत नाही. शिकण्यासाठी वाचायचे असेल, तर कागद हाती असलेला बरा.

इतिहासाने जे शिकवले त्यावरून माझी वाटणी अशी आहे, पटली तर घ्या. कोश, संदर्भग्रंथ, दुर्मीळ पुस्तके आणि एकदाच वाचायच्या कादंबऱ्या पडद्यावर असाव्यात. ज्यांची नजर कमी झाली आहे, त्या आई-वडिलांना ई-वाचक जरूर द्या. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि ई-शाईचा पडदा डोळ्यांवर प्रकाश मारत नाही. जी फाइल मोफत आणि कायदेशीर आहे ती स्वतःजवळ उतरवून, दोन ठिकाणी ठेवा. मुलांची पुस्तके मात्र कागदावरच घ्या. एकच पुस्तक दहा वेळा हाताळले जाईल, पाने दुमडतील, ‘ल’चे वळण बोटाने गिरवले जाईल. एक पुस्तक चार घरांत फिरेल. सयाजीरावांची पेटी आपल्याला चार कुटुंबांतही चालवता येते. तिला ना परवाना लागतो, ना पासवर्ड.

आणि मंडळाचा हा अंक? तो दोन्ही रूपांत असावा असे मला वाटते. ई-अंक पुण्या-सांगलीच्या आजी-आजोबांपर्यंत त्याच दिवशी पोचतो, हे मोठेच सुख आहे. पण छापील अंकाची गरज वेगळ्या कारणाने आहे. सिंगापुरात प्रसिद्ध होणाऱ्या छापील प्रकाशनाच्या दोन प्रती राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाकडे जमा कराव्यात, असा कायदा आहे. २०१९ पासून इथली संकेतस्थळे जतन करण्याचाही अधिकार ग्रंथालयाला मिळाला आहे. सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांत मराठी नसली, तरी या देशाच्या कायमच्या संग्रहात तिला अशी जागा मिळते. शंभर वर्षांनी कोणी विचारले, की इथे मराठी माणसे होती का, ती काय लिहीत होती, तर उत्तर द्यायला दोन प्रती पुरेशा आहेत. मंडळाच्या जुन्या अंकांच्या फाइली कोणाच्या संगणकात पडून असतील, तर फॉन्ट हरवण्याआधी त्या युनिकोडमध्ये आणून घेणे हे यंदाच्या दिवाळीत कोणीतरी अंगावर घ्यावे असे काम आहे.

तोवर एक करा. फराळाच्या दिवशी या अंकातले कुठलेही एक पान घरातल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. पोथी वाचायची तशी, एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. पान कागदाचे असो वा काचेचे. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतला फरक त्याला अडखळत का होईना उच्चारता आला, तर तुमची निवड चुकलेली नाही.